बुबुळाचा काठ

डोळ्यात फूल पडलं की मुंबईत कुणीही एकच उपाय सांगतो: नेत्रदानातलं बुबुळ, म्हणजे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक भाग (कॉर्निया), मिळालं की बसवून टाका, दिसायला लागेल. जुना व्रण, केराटोकोनस (बुबुळ शंकूसारखं पुढे येणं), जंतुसंसर्ग अशा कारणानं बुबुळ खराब झालं असेल तर सल्ला बरोबरही असतो. पण चुना, ॲसिड किंवा कॉस्टिक सोड्यानं भाजलेल्या डोळ्यात नवं बुबुळ नुसतं शिवून दिलं, तर ते काही आठवडे नितळ राहतं, मग त्यावर लालसर जाळी चढू लागते आणि बघता बघता पुन्हा सगळं गढूळ. दात्याचं बुबुळ वाया जातं आणि पेशंटची उमेदही. कारण अशा डोळ्यात पांढरं मधोमध दिसत असलं तरी बिघाड काठाला असतो.

बुबुळ मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्यात एकही रक्तवाहिनी नाही, म्हणून तर ते पारदर्शक. सगळ्यांत वरचं अस्तर पाच-सात थरांचं, सुमारे ५० मायक्रॉनचं. पापणीच्या प्रत्येक उघडझापीबरोबर त्यातल्या वरच्या पेशी झडत असतात आणि आठवड्या-दहा दिवसांत अख्खं अस्तर नवं होतं. ही रोजची भरती कुठून होते, तर काळा आणि पांढरा भाग जिथे मिळतात त्या दीड-दोन मिलिमीटरच्या पट्ट्यातून. डॉक्टर त्याला लिंबस म्हणतात. डावांगर आणि एव्हनसेन या नॉर्वेच्या दोघांनी १९७१ साली तसा अंदाज मांडला होता. तिथल्या सावकाश विभागणाऱ्या मूळपेशींचा (स्टेम सेलचा) भक्कम पुरावा १९८९ साली मिळाला. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, पेशंटला खाली बघायला सांगून वरची पापणी उचलली, की काठावर बारीक उभ्या रेघा दिसतात, कुंपणासारख्या ओळीनं. मूळपेशी त्यांच्यामधल्या खोबणीत असतात. आपल्याकडच्या डोळ्यांत तपकिरी रंगद्रव्यामुळे या रेघा चांगल्या ठळक दिसतात. भाजलेल्या डोळ्यात त्या पुसल्या गेलेल्या असतात.

काठाची कामं दोन. बुबुळाला पेशी पुरवायच्या आणि पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाला, कंजंक्टायव्हाला, आत येऊ द्यायचं नाही. काठ मेला की कंजंक्टायव्हा आपल्या रक्तवाहिन्यांसकट बुबुळावर सरकते. वडस एका बाजूनं येतो, ही चहूबाजूंनी येते. अस्तर कच्चं, वारंवार सोलपटणारं. म्हणून नजर जाण्याबरोबर उजेड सहन न होणं, पाणी येणं आणि सकाळी डोळा उघडताना कळ येणं हेही मागे लागतं.

इतिहासातला योगायोग असा, की बुबुळाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण चुन्यानंच भाजलेल्या माणसावर झालं. ७ डिसेंबर १९०५ रोजी एदुआर्ड झिर्म यांनी आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स गावी एका मजुराच्या दोन्ही डोळ्यांत बुबुळं बसवली. एक टिकलं नाही, दुसरं टिकलं. त्या दुसऱ्या डोळ्याचा काठ बऱ्यापैकी वाचला असणार, एवढंच आज म्हणता येतं. तेव्हा काठाकडे बघायचं कुणाच्या मनातही नव्हतं.

मुंबईत चुना शोधायला जावं लागत नाही. टपरीवर तंबाखूच्या पुडीसोबत त्याची प्लॅस्टिकची पुडी किंवा ट्यूब मिळते, रंगाऱ्याच्या बादलीत तो असतो, आणि बांधकामावरचं ओलं सिमेंट त्याच जातीचं. लहान मुलांच्या डोळ्यांना धोका त्या ट्यूबचा. तोंडाशी चुना सुकून बूच बसलेलं असतं, मूल ती चेहऱ्यासमोर धरून दोन्ही हातांनी दाबतं, आणि चिळकांडी सरळ डोळ्यात जाते. चुन्याच्या निवळीचा पीएच १२.४ च्या आसपास, अश्रूंचा ७.४ च्या जवळपास. ॲसिड प्रथिनं गोठवतं आणि गोठलेला थर बहुतेक वेळा त्याचीच वाट अडवतो. अल्कली मात्र पेशींच्या आवरणातल्या मेदाचा साबण करत आत शिरत जाते. कॉस्टिक सोडा काही मिनिटांत बुबुळाच्या आतल्या पाण्यापर्यंत पोचतो. चुना त्या मानानं सावकाश, पण त्याचे कण पापणीखाली अडकून बसतात आणि विरघळत राहतात, म्हणजे भाजणं चालूच राहतं.

अशा वेळी पाणी हाच उपचार, आणि नेमकं तेच टाळलं जातं. ‘चुन्यावर पाणी घातलं तर उकळेल’ ही भीती घराघरांत असते. ती कळीच्या चुन्याची गोष्ट. ट्यूबमधला चुना आधीच विरवलेला असतो, तो आणखी तापत नाही. कळीच्या चुन्याची भुकटी उडाली असेल तर चेहऱ्यावरची कोरडी पूड आधी कापडानं झटकायची आणि मग भरपूर पाणी ओतायचं. चुळकाभर शिंपडून थांबणं मात्र वाईट. दूध, तूप, मध, गुलाबपाणी यांनी वेळ जातो. लिंबू किंवा व्हिनेगर घालून ‘उतारा’ करायला जाऊ नये, त्या क्रियेतही उष्णता निघते.

चाळीतली मोरी असो की साइटवरचा २० लिटरचा जार, पद्धत एकच. भाजलेला डोळा खालच्या बाजूला येईल असं डोकं कलतं करायचं, म्हणजे घाण पाणी चांगल्या डोळ्यात जात नाही. पापण्या घट्ट मिटलेल्या असतात, त्या दुसऱ्यानं बोटांनी धरून उघडायच्या आणि तांब्यानं किंवा नळीनं नाकाच्या बाजूनं कानाकडे धार सोडायची, मध्ये न थांबता. किमान अर्धा तास. नळाचं पाणी चालतं. सलाइन शोधायला माणूस पाठवून त्याची वाट बघत बसणं चालत नाही. टॅक्सी आली म्हणून धुणं अर्ध्यावर सोडू नये, बाटल्या गाडीत घेऊन वाटेतही ओतत राहावं.

इस्पितळात बधिर करणारा थेंब टाकून सलाइनच्या सेटनं पुन्हा धुतात आणि खालच्या पापणीच्या खोबणीत पीएचचा कागद टेकवतात. तो सातच्या घरात आला की थांबतात, पाच मिनिटं जाऊ देतात आणि परत मोजतात. या दुसऱ्या मोजणीत आकडा पुन्हा चढला, तर कुठेतरी चुना दडलेला आहे हे नक्की. वरची पापणी एकदा उलटली तर तो दिसत नाही. ती दुहेरी उलटावी लागते. अगदी वरच्या खोबणीत चिकटलेला चुना बहुधा तिथेच सापडतो. मग ओल्या बडनं आणि चिमट्यानं तो कणाकणानं काढायचा. हे एवढं काम वगळून थेंब आणि पट्टी देऊन घरी पाठवलेले डोळेच पुढे सर्वांत वाईट अवस्थेत येतात.

नातेवाइकांची फसगत करणारी आणखी एक गोष्ट इथे आहे. लालबुंद डोळा बघून ते घाबरतात आणि पांढराशुभ्र दिसला की निर्धास्त होतात. भाजलेल्या डोळ्यात काठाजवळचा पांढरेपणा म्हणजे तिथल्या रक्तवाहिन्याच जळालेल्या. २००१ सालापासून वापरात असलेल्या दुआ यांच्या वर्गवारीत काठ घड्याळासारखा १२ तासांत मोजतात: किती तास गेले, किती उरले. केसपेपरवर पहिल्या दिवशी हा आकडा नसेल तर तो लिहून मागावा. पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे असतात.

पहिल्या काही आठवड्यांत स्टिरॉइडचे थेंब, व्हिटॅमिन सी, मोठ्या माणसांना डॉक्सिसायक्लिन, डोळ्यातला दाब वाढला तर त्याचे थेंब, आणि भाजणं जास्त असेल तर लवकरच वारेच्या पडद्याचं आच्छादन. स्टिरॉइड सुरुवातीला हवंच, पण अस्तर न धरलेल्या बुबुळावर ते फार दिवस जोरात चालू ठेवलं तर बुबुळ विरघळून भोक पडू शकतं. पापणी आतून डोळ्याला चिकटू लागते, तेही याच काळात.

मग थांबायचं. निदान सहा महिने. घरच्यांना सर्वांत जड जातो तो हा काळ, आणि याच काळात एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे धावाधाव होते. पण सुजलेल्या, लाल डोळ्यात लावलेल्या मूळपेशी जगत नाहीत. सूज उतरली पाहिजे, पापणी नीट मिटली पाहिजे, आत वळलेले केस काढून झाले पाहिजेत, दाब आटोक्यात पाहिजे. अश्रू किती येतात ते कागदाची पट्टी पाच मिनिटं पापणीत अडकवून बघतात. पाच मिलिमीटरही ओली झाली नाही तर डोळा फारच कोरडा. कोरड्या डोळ्यात मूळपेशी लावू नयेत. फ्लुरेसिनचा पिवळा थेंब टाकून लगेच नव्हे, दोन-चार मिनिटांनी निळ्या उजेडात बघितलं की सरकत आलेली कंजंक्टायव्हा ठिपक्याठिपक्यांनी हिरवी उजळते. निरोगी अस्तर काळंच राहतं. काठ किती तास गेला, हे त्यावरून रेखाटता येतं. चांगल्या डोळ्याचीही हीच तपासणी, काठ फिरून पूर्ण. ‘या डोळ्यात काही गेलं नव्हतं’ असं सांगणाऱ्याच्या त्याही डोळ्यात कधीकधी दोन तास गेलेले सापडतात.

एक डोळा शाबूत असेल तर बी-बियाणं तिथूनच येतं. प्रश्न असतो किती घ्यायचं हा. १९८९ साली केन्यन आणि सेंग यांनी दाखवलेल्या पद्धतीत चांगल्या डोळ्याच्या काठाचे दोन मोठे तुकडे घेत. मिळून चार ते सहा तास, म्हणजे अर्ध्यापर्यंत काठ. उरलेल्या एकुलत्या एका डोळ्यावर एवढा हात घालायला कुणाचंही काळीज कचरेल. १९९७ साली इटलीत ग्रात्सिएल्ला पेलेग्रिनी आणि मिकेले दे लुका यांच्या गटानं तुकडा छोटा घेऊन पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि दोन रुग्णांवर लावल्या. त्याच परंपरेत २०१० साली ११२ रुग्णांचे निष्कर्ष आले, ७६.६ टक्के यश. त्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं निरीक्षण वेगळंच होतं. वाढवलेल्या पेशींत पी-६३ हे प्रथिन ठळक दाखवणाऱ्या, म्हणजे खऱ्या मूळपेशी, ३ टक्क्यांहून जास्त असल्या तर ७८ टक्के डोळे सुधारले. त्याहून कमी असल्या तर फक्त ११ टक्के. थर केवढा मोठा वाढला याला अर्थ नव्हता. हेच तंत्र २०१५ साली युरोपात होलोक्लार या नावानं मंजूर झालं.

प्रयोगशाळा म्हटली की निर्जंतुक खोली, तज्ज्ञ माणसं, दहा-चौदा दिवसांची वाढ, दोन वेगवेगळ्या दिवशी शस्त्रक्रिया, आणि खर्च. भारतातही हे काम झालं, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत तर मोठ्या संख्येनं. आणि तिथल्याच विरेंदर सांगवान, सायन बसू आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली विचारलं, की पेशी वाढवायला काचेची बशीच कशाला, डोळाच का नको? त्यांच्या पद्धतीचं नाव स्लेट (SLET, सिंपल लिंबल एपिथेलियल ट्रान्सप्लांटेशन). आज मुंबईतलेही बुबुळतज्ज्ञ ती करतात.

चांगल्या डोळ्याच्या काठाला, साधारण पापणीखाली झाकला जाईल असा, दोन बाय दोन मिलिमीटरचा तुकडा आखून घेतात. म्हणजे घड्याळाचा एक तास, किंवा त्याहून कमी. काठापासून दोन-तीन मिलिमीटर मागे कंजंक्टायव्हा कापून पुढे येत येत, बुबुळात एक मिलिमीटर शिरेपर्यंत, पातळसर पापुद्रा उचलतात. खोल गेलं तर चांगल्या डोळ्यावर कायमचा खड्डा राहील, उथळ राहिलं तर खोबणीतल्या पेशी सुटून जातील. तुकडा सलाइनमध्ये ठेवतात. मग भाजलेल्या डोळ्याकडे. बुबुळावर चढलेली जाळी कडेनं कापून बोथट हत्यारानं सोलायची. ती साय निघावी तशी निघते तेव्हा काम सोपं; पण खाली बुबुळ कुठे पातळ झालंय ते आधी स्कॅनवर बघितलं नसेल तर इथेच भोक पडतं. आणि रक्त येतं, भरपूर. पातळ केलेलं ॲड्रेनलिन आणि हलका चटका देऊन ते पूर्ण थांबेपर्यंत पुढे जायचं नाही. घाई केली तर पडद्याखाली गुठळी होते, पडदा उचलला जातो आणि सोबत पेशीही.

पडदा म्हणजे वारेचा आतला पातळ पापुद्रा. नियोजित सिझेरियनच्या वेळी मातेच्या संमतीनं, तिच्या एचआयव्ही, कावीळ बी-सी, सिफिलिसच्या तपासण्या करून घेतलेला, उणे ८० अंशांत गोठवलेला. तो कागदावर चिकटून येतो आणि त्याला सुलट-उलट असते. कोरड्या स्पंजचं टोक टेकवून उचललं की जिथे चिकट तार सुटते ती खालची बाजू. ती बुबुळाकडे जाते. फायब्रिन ग्लू (रक्तातल्या प्रथिनांचा डिंक) लावून पडदा बुबुळावर पसरतात, कडा कंजंक्टायव्हाखाली खोचतात. मग तो दोन मिलिमीटरचा तुकडा बारीक कात्रीनं कापून आठ-दहा कण करायचे आणि अस्तराची बाजू वर ठेवून पडद्यावर गोलाकार मांडायचे, नजरेची मधली जागा मोकळी ठेवून. हिरवळ करायची असली की माळी हरळीचे ठोंब अंतर सोडून लावतो आणि ते पसरत एकमेकांना मिळतात, तसंच इथे. प्रत्येक कणावर ग्लूचा एक थेंब, वर पट्टीचं काम करणारी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स. संपलं. १२५ रुग्णांच्या २०१६ सालच्या अहवालात ७६ टक्के डोळे यशस्वी ठरले, म्हणजे प्रयोगशाळेतून आलेल्या आकड्यांच्या तोडीस तोड. या घडीला एका डोळ्याला भाजलेल्या भारतीय पेशंटसाठी हीच पहिली पसंती असावी, असं ठामपणे म्हणायला हरकत नाही.

उरलेल्या चौथ्या हिश्श्याचं काय होतं, हेही सांगायला हवं. लेन्स लवकर पडली आणि तिच्यासोबत कण गेले. मुलानं झोपेत डोळा चोळला. म्हणून लहानांना रात्री कडक शील्ड लागते. चिकटलेली पापणी सोडवून घेतली नव्हती, ती पुन्हा आत ओढू लागली. एखाद्या ‘तासाला’ नव्या अस्तरातली फट राहिली आणि तिथून जाळी परत शिरली. यशस्वी डोळ्यातही खोल थरांतलं फूल राहतंच. मूळपेशी फक्त पृष्ठभाग सुधारतात. ते फूल फार दाट असेल तर मग नेत्रदानातल्या बुबुळाची पाळी येते, पण साधारण वर्षभर पृष्ठभाग स्थिर राहिल्यावर. दोन्ही एकाच बैठकीत उरकून घेण्याचा आग्रह धरू नये. वेगवेगळे केल्यास बुबुळ कितीतरी जास्त टिकतं.

घरची काळजी मुंबईच्या बेतानं करावी लागते. लेन्स असेपर्यंत नळाचं पाणी डोळ्यात जाऊ द्यायचं नाही. ज्या पाण्यानं भाजल्या दिवशी डोळा वाचवला, तेच आता जंतू आणि अमीबा घेऊन येऊ शकतं. डोकं मागे करून दुसऱ्यानं केस धुवावेत. गर्दीच्या वेळची लोकल महिनाभर टाळता आली तर उत्तम, कोपर कुठून लागेल सांगता येत नाही. मेट्रोच्या खोदकामाची धूळ, विसर्जनाचा गुलाल, होळी, फटाके: बंद बाजूंचा चष्मा. स्टिरॉइडचे थेंब पहिल्या आठवड्यात दिवसातून सहाएक वेळा, मग पायरीपायरीनं कमी. ‘बरं वाटतंय’ म्हणून एकदम बंद करणं आणि ‘बरं वाटतंय’ म्हणून मेडिकलमधून महिनोन्‌महिने परस्पर आणत राहणं, दोन्ही महागात पडतं. पहिल्यानं सूज उसळते, दुसऱ्यानं काचबिंदू होतो, आणि तो दुखत नाही.

एक गोष्ट वाटेतच सांगून टाकलेली बरी. ‘स्टेम सेल’ या दोन शब्दांवर शहरात दुकानं चालतात: रक्तातून किंवा चरबीतून काढलेल्या पेशी, डोळ्याच्या मागे इंजेक्शन, कुठल्याही आजाराला. बुबुळाच्या काठाचा उपचार त्यातला नव्हे. स्लेटमध्ये पेशी बाहेर वाढवलेल्याच नसतात. बाहेर वाढवून लावायच्या पेशींना २०१९ च्या नियमांनी नवं औषध मानलं आहे, त्यांना औषध नियंत्रकांची परवानगी लागते. पेशी कुणाच्या, शरीराच्या कुठल्या भागातल्या, वाढवल्या कुठे, चाचणी असेल तर सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला क्रमांक काय, असं विचारावं. चाचणीच्या नावाखाली कुणी पैसे मागत असेल तर तिथून उठावं.

दोन्ही डोळे भाजले असतील तर वाट अवघड. भाऊ-बहीण किंवा आई-वडिलांच्या काठाचा तुकडा, नाहीतर मृत दात्याचा काठ लावता येतो, पण शरीर तो परका म्हणून नाकारतं आणि टॅक्रोलिमससारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दीर्घकाळ, रक्त-लघवी-किडनीच्या तपासण्यांसह, घ्यावी लागतात. ज्याला दर महिन्याला तपासणीला येणं परवडणार नाही त्याला हा मार्ग सुचवूच नये. जपानमध्ये कोजी निशिदा यांनी २००४ साली रुग्णाच्याच गालाच्या आतल्या अस्तराच्या पेशी वाढवून लावल्या. पृष्ठभाग टिकतो, मात्र कडेनं रक्तवाहिन्या येतात. त्यांच्याच ओसाकाच्या गटानं २०२४ साली आयपीएस पेशींपासून (साध्या पेशी प्रयोगशाळेत पुन्हा मूळपेशींसारख्या केलेल्या) बनवलेल्या अस्तराचे निष्कर्ष मांडले, रुग्ण अवघे चार. तिघांची सुधारणा वर्षभराहून जास्त टिकली. डोळा पूर्ण कोरडा असेल तर रुग्णाचाच सुळा हाडासकट काढून, त्यात भिंगाची नळी बसवून डोळ्यात रोवण्याची शस्त्रक्रिया आहे. ऐकायला अघोरी, पण योग्य पेशंटला ती नजर देते.

यातलं काहीही पुढे करायचं तर डोळ्यामागची नजरेची नस जिवंत हवी. गढूळ बुबुळातून ती दिसत नाही, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी बोटानं किंवा यंत्रानं दाब तपासायचा, सोनोग्राफी करायची, आणि खोलीतला दिवा कुठल्या बाजूला आहे हे पेशंटला चारही दिशांनी ओळखता येतं का ते बघायचं. दाबाचे थेंब दृष्टी नसलेल्या डोळ्यातही चालू ठेवायचे. ‘दिसतच नाही तर थेंब कशाला’ म्हणून ते बंद करणारे अनेक आहेत. त्यांच्या डोळ्यात पुढे कुणाच्याही काठाचा तुकडा लावून उपयोग होत नाही.